‘डोया’चा ‘डोळा’ करणारे यंत्र

गेल्या महिन्यात आमच्या महाविद्यालयाच्या खरेदी समितीचे एक टिपण माझ्या टेबलावर आले. विषय : भाषा प्रयोगशाळेतील संगणकाचे अद्ययावतीकरण. मजकूर चार ओळींचा, सोबत दरपत्रके तीन. सध्याच्या संगणकात २०२१ साली बाजारात आलेले १२ जीबी स्मृतीचे ग्राफिक्स कार्ड आहे. ते काढून त्या जागी २०२५ च्या जानेवारीत आलेले, ३२ जीबी स्मृतीचे आरटीएक्स ५०९० हे कार्ड बसवावे, त्यासाठी पॉवर सप्लाय, मदरबोर्ड आणि कॅबिनेट बदलावे, एकूण खर्च सुमारे ३,६०,००० रुपये, असा प्रस्ताव. शेवटी ‘मराठी विभागप्रमुखांचा अभिप्राय’ असे लिहून चार बोटे कोरी जागा सोडली होती. त्या चार बोटांत जे मावले नाही, ते येथे लिहीत आहे.

मराठीचा प्राध्यापक यंत्राविषयी लिहू लागला की तो यंत्राच्या विरुद्धच लिहिणार, असे वाचक आधीच धरून चालतात. आमच्या बिरादरीने तशी ख्यातीही मिळवून ठेवली आहे. तेव्हा सुरुवातीलाच सांगतो : आमचा विभाग गेली तीन वर्षे हे ग्राफिक्स कार्ड रोज वापरतो. जुन्या नियतकालिकांच्या छायाप्रतींतून मजकूर काढणे आणि शहादा, तळोदा, धडगाव या भागांतील अहिराणी, भिली व पावरी बोलींची ध्वनिमुद्रणे लिखित रूपात आणणे, ही दोन कामे आम्ही त्यावर करतो. दुसऱ्या कामासाठी जे खुले वाक्-ओळख प्रारूप आम्ही वापरतो, त्याच्या सर्वांत मोठ्या आवृत्तीला सुमारे १० जीबी स्मृती लागते. आमच्याकडे १२ आहे. म्हणजे आजचे काम आजच्या कार्डावर होते. वेळ लागतो, रात्रभर यंत्र चालू ठेवावे लागते, पण होते.

मग अद्ययावत कशासाठी? हा शब्दच पाहा. अद्य यावत्, म्हणजे आजपर्यंत. या शब्दात तारीख आहे, प्रयोजन नाही. एखादी वस्तू अद्ययावत आहे असे म्हणताना ती कशासाठी आहे हे सांगण्याची जबाबदारी आपल्यावर राहत नाही. समितीच्या टिपणातही ती कोणी घेतलेली नाही. नवे कार्ड आले, जुने जुने झाले, सबब नवे घ्यावे, एवढाच त्यातला तर्क आहे. साहित्याच्या वर्गात ‘ही कादंबरी नवी आहे, सबब चांगली आहे’ असे एखाद्या विद्यार्थ्याने लिहिले तर आपण त्याला गुण देणार नाही. खरेदी समितीला मात्र आपण देतो.

मराठीला ग्राफिक्स कार्डाचा हा मोह पहिल्यांदा पडलेला नाही. पुण्यात १९८८ मध्ये सी-डॅक स्थापन झाले. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम तेथे पुढे गेले आणि त्यातून ‘जिस्ट कार्ड’ नावाची एक वस्तू आली. डॉसच्या काळातल्या संगणकाच्या पडद्याला एरवी देवनागरी दाखवता येत नसे. हे कार्ड आतल्या खाचेत बसवले की वर्डस्टार, डीबेस यांसारख्या इंग्रजीसाठी घडवलेल्या प्रणालींतही देवनागरी उमटे. मराठीचे पहिले ग्राफिक्स कार्ड म्हणायचे तर ते हेच. तेव्हा ते क्रांतिकारक होते यात शंका नाही.

ते कार्ड आज कोठे आहे? विंडोज आली, अक्षर उमटवण्याचे काम फाँट आणि प्रणाली करू लागल्या, आणि जिस्ट कार्डाची खाचच संपली. पण त्या प्रकल्पाबरोबर आणखी एक काम झाले होते, ज्याचे छायाचित्र कोणी काढले नसेल : प्रत्येक भारतीय अक्षराला एक ठराविक संकेतांक देण्याचे. ती ‘इस्की’ संहिता. १९८८ मध्ये तिचा एक आराखडा आला, १९९१ मध्ये ती भारतीय मानक म्हणून, आयएस १३१९४ या क्रमांकाने, प्रसिद्ध झाली. युनिकोडच्या पहिल्या आवृत्तीतील देवनागरीची मांडणी १९८८ च्या त्या इस्कीवर बेतलेली आहे. आज आपण भ्रमणध्वनीवर ‘क’ टंकतो तेव्हा त्या जुन्या कामाचाच वारसा वापरतो. कार्ड भंगारात गेले. भाषेविषयी माणसांनी बसून घेतलेले निर्णय टिकले.

याच्या उलट उदाहरण माझ्या कपाटात आहे. एम.ए.च्या वेळचा माझा प्रकल्प २००३ साली मी एका डीटीपी केंद्रात टंकून घेतला. तेथला संगणक तेव्हाचा अगदी ताजा होता, मालक त्याच्यावरचे प्लास्टिकसुद्धा काढत नसे. फाँट मात्र ज्याचा त्याचा. सीडी अजून शाबूत आहे. उघडली की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची रांगोळी येते. १२० पानांच्या त्या प्रकल्पात वाचता येते ती केवळ पृष्ठसंख्या. यंत्र अद्ययावत होते, संकेत नव्हता. म्हणून मजकूर गेला.

आता यावर संगणकशास्त्राचे आमचे सहकारी जे म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत मांडले पाहिजे. ते म्हणतात, ‘सर, तो काळ वेगळा. तेव्हा कार्ड अक्षर उमटवत होते, आता कार्ड शिकते. जितकी स्मृती जास्त, तितके मोठे प्रारूप, तितके चांगले उत्तर.’ यात तथ्य आहे. ३२ जीबीवर आमच्या यंत्रात न मावणारी भाषिक प्रारूपे चालतील, प्रशिक्षणाचा वेळ घटेल. पण ‘कार्ड शिकते’ हे वाक्य अर्धे आहे. कशावरून शिकते?

या शिकण्याचा जो आद्य पराक्रम मानला जातो, त्याचीच गोष्ट पाहू. २०१२ साली टोरोंटो विद्यापीठातील क्रिझेव्हस्की, सुत्स्केव्हर आणि हिंटन या तिघांनी चित्रे ओळखण्याच्या स्पर्धेत बाकी सर्वांना फार मागे टाकले. त्यांच्याकडे काय होते? खेळांसाठी विकली जाणारी दोन ग्राफिक्स कार्डे, प्रत्येकी ३ जीबीची. आमच्या आजच्या ‘जुन्या’ कार्डाची स्मृती त्यातल्या एकाच्या चौपट आहे. पण त्यांच्याकडे आणखी एक गोष्ट होती : ‘इमेजनेट’ हा चित्रसंग्रह. एक कोटीहून अधिक चित्रे आणि प्रत्येकाखाली ते काय आहे याची नोंद. या नोंदी कोणी केल्या? माणसांनी. जगभरच्या हजारो माणसांनी तुटपुंज्या मोबदल्यावर एकेक चित्र पाहून केल्या. त्यांपैकी सुमारे १२ लाख चित्रांवर त्या दोन कार्डांनी पाच-सहा दिवस शिक्षण घेतले. कार्डांवाचून ते झाले नसते हे खरेच. पण नोंदींवाचून ती कार्डे पाच-सहा वर्षे चालली असती तरी त्यांना मांजर ओळखता आले नसते.

पावरीचे ‘इमेजनेट’ कोठे आहे? भिलीचे? आमच्या विभागाकडे आजमितीस १९ तासांची ध्वनिमुद्रणे आहेत. त्यांतले ऐकून, लिहून, तपासून झाले आहेत फक्त चार तास. ३२ जीबीच्या त्या भव्य स्मृतीत आम्ही काय भरणार? तिच्यात भरायला आहे ती प्रमाण मराठी, त्याहून किती तरी अधिक हिंदी, आणि महासागराएवढी इंग्रजी.

आणि रिकाम्या जागी यंत्र गप्प बसत नाही, हा खरा धोका आहे. अहिराणीत ‘ळ’चा ‘य’ होतो हे खान्देशातल्या वाचकांना सांगायला नको. आमच्या एका ध्वनिमुद्रणात एक वृद्ध शेतकरी आपल्या मोतीबिंदूची हकीकत सांगताना स्वच्छ ‘डोया’ म्हणतात. यंत्राने लिहिले : ‘डोळा’. एकदा नव्हे, सर्व ठिकाणी. पावरीचे मुद्रण ऐकवले तर त्याने ते कधी हिंदी समजून लिहिले, कधी गुजराती समजून. आणि प्रत्येक वेळी व्याकरणशुद्ध, आत्मविश्वासाने. छापील मजकुरातही तेच. जुन्या अंकातल्या ‘आचाऱ्यांना’ या शब्दाचे त्याने ‘आचार्यांना’ केले आणि लग्नाच्या जेवणाचे श्रेय स्वयंपाक्यांकडून काढून विद्वानांना दिले. हसण्यावारी नेण्यासारखी ही चूक नाही. जे त्याला ठाऊक नाही ते, जे ठाऊक आहे त्यात बदलून टाकणे, हा त्याचा स्वभाव आहे. शाळा तपासणीला येणारे साहेब पूर्वी हेच करीत. पोराने ‘डोया’ म्हटले की छडी बसे. छडी गेली, आता वर्तमानपत्रे ज्याला बुद्धिमत्ता म्हणतात ते यंत्र तेच काम न मारता करते. मोठे कार्ड घेतल्याने काय होईल? ‘डोया’चा ‘डोळा’ रात्रभरात होत होता, तो जेवणाच्या सुट्टीत होईल.

यावर उपाय नाही असे नाही. यंत्राला ‘डोया’ शिकवता येतो. त्यासाठी अहिराणी जाणणाऱ्या माणसाने काही तासांचे मुद्रण अक्षर न अक्षर बरोबर लिहून त्याच्यापुढे ठेवावे लागते. एवढे प्रशिक्षण बेताच्या आकाराच्या प्रारूपावर १२ जीबीतही करता येते. फारच अडले तर मोठे यंत्र तासाच्या बोलीने भाड्याने मिळते. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये मंजूर केलेल्या इंडिया एआय मिशनमध्ये संशोधकांसाठी सवलतीच्या दराची सोयही आहे. बोलणाऱ्यांनी संमती दिलेली मुद्रणेच तेथे पाठवावीत, बाकीची घरच्या यंत्रावर ठेवावीत, इतके पथ्य पाळले म्हणजे झाले. मोठे यंत्र भाड्याने मिळते. ‘डोया’ ऐकणारा कान भाड्याने मिळत नाही.

सगळ्यांत टोकदार आक्षेप मात्र संगणकशास्त्राच्या सहकाऱ्यांचा नाही. तो आमच्याच विभागातल्या एका तरुण सहकाऱ्याचा आहे. तो स्वतः पावरा समाजातला आहे. तो म्हणाला, ‘सर, मुंबई-पुण्याच्या संस्था नवे घेतात तेव्हा त्यांना कोणी विचारत नाही. आम्ही मागितले की तुम्हाला काटकसर आठवते. आदिवासी पोरांनी कायम दुसऱ्याचे उतरलेलेच वापरायचे का?’

या प्रश्नापुढे मी दोन दिवस गप्प होतो, आणि आजही त्याचे उत्तर सहज देत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्यात दर शंभरांमागे ६९ माणसे अनुसूचित जमातींची आहेत. १९९८ मध्ये धुळ्यातून वेगळा झालेला हा जिल्हा उरलेसुरले स्वीकारण्यासाठी निर्माण झालेला नाही. ‘थोडक्यात भागवा’ हा उपदेश ज्यांना आजवर केला गेला, त्यांना मी तो पुन्हा करणार असेन तर हा लेख फाडून टाकावा. पण माझे म्हणणे थोडक्यात भागवा असे नाहीच. ते ३,६०,००० रुपये सोडू नका, असे आहे. त्यातला एकही रुपया कमी घेऊ नका. फक्त तो ज्या वस्तूवर खर्च व्हायचा आहे ती आपली नाही, इतकेच पाहा.

हिशेब साधा आहे. एका तासाचे बोलीतले मुद्रण एकाने ऐकून लिहायचे आणि दुसऱ्याने तपासायचे, यास आमच्या अनुभवाप्रमाणे दोघांचे मिळून १५ तास लागतात. बोली जाणणाऱ्या विद्यार्थ्याला तासाला १५० रुपये दिले, तर एका तासाच्या मुद्रणाचे २,२५० रुपये होतात. ३,६०,००० रुपयांत १६० तास. आजच्या चार तासांच्या चाळीस पट. ते १६० तास आज जमले, तर दहा वर्षांनी येणाऱ्या कोणत्याही कार्डावर, कोणत्याही प्रारूपावर उपयोगी पडतील. आज घेतलेले कार्ड दहा वर्षांनी कशावर उपयोगी पडेल, हे जिस्ट कार्डाला विचारावे. शिवाय ते पैसे पाड्यांवरून येणाऱ्या मुलामुलींच्या हातात पडतील, आणि आपली भाषा जाणणे हे मोबदला मिळण्याजोगे ज्ञान आहे, ही गोष्ट महाविद्यालयात त्यांना पहिल्यांदा कोणी तरी सांगेल.

येथे लेखापाल हसले. ‘सर, निधी उपकरणांचा आहे. मानधनावर एक रुपया टाकता येत नाही.’ आणि मग सारे प्रकरण माझ्या ध्यानात आले. आपण वस्तू का विकत घेतो? कारण वस्तूची नोंद करायला आपल्याकडे वही आहे. तिचे नाव डेड स्टॉक रजिस्टर. कार्ड आले की त्यात एक ओळ वाढते, मूल्यांकन समितीला ती दाखवता येते, खोक्यासह छायाचित्र काढता येते. एका म्हातारीच्या तासाभराच्या बोलण्याचे शुद्ध लेखन कोणत्या रजिस्टरात चढवणार? मृत साठ्याची वही आहे; जिवंत बोलीची नाही. आमच्या विद्यापीठाला २०१८ पासून बहिणाबाई चौधरींचे नाव आहे. बहिणाबाईंना लिहिता येत नव्हते. त्या गात, आणि घरातली मुले ते वहीत उतरवून घेत. १९५१ च्या डिसेंबरात त्या वारल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या खटपटीने ती गाणी पुस्तकरूपाने आली. कल्पना करा, सोपानदेवांनी आधी चांगले यंत्र घेऊ, मग उतरवून घेऊ, असे ठरवले असते तर? विद्यापीठाला द्यायला नावच उरले नसते.

हा प्रश्न तातडीचा का, तेही सांगतो. १९७२ च्या सुमारास याच शहाद्यात भूमिहीन आदिवासी शेतमजुरांची चळवळ उभी राहिली. अंबरसिंग महाराज, श्रमिक संघटना ही नावे विद्यार्थ्यांनी निदान ऐकलेली असतात. दारूच्या हंड्या फोडणाऱ्या भिल बायका त्या चळवळीत पुढे होत्या. या चळवळीवर मारिया मीस यांचा इंग्रजी लेख १९७६ साली प्रसिद्ध झाला. तो लेख जगातले कोणतेही यंत्र क्षणात वाचील. पण त्या बायका आपसात जे बोलल्या, ते वाचील असे एकही यंत्र नाही, कारण त्यांचे बोलणे त्यांच्या बोलीत कोणी बसून लिहिलेच तर किती लिहिले? तेव्हा अठरा वर्षांची असलेली मुलगी आज सत्तरी ओलांडून गेली आहे.

तोरणमाळच्या वाटेवरच्या एका पाड्यावर गेल्या हिवाळ्यात आम्ही एका आजींचे दोन तासांचे मुद्रण केले. त्यांची नात आमच्याकडे द्वितीय वर्षाला आहे, लेखनाचे काम तिच्याकडेच होते. परीक्षेमुळे ते मागे पडले. मार्गात तिने वही काढली तेव्हा आजी नव्हत्या. मुद्रणात तीन शब्द असे आहेत, जे नातीला कळत नाहीत, तिच्या आईलाही कळत नाहीत. पेरणीविषयी काही तरी असावे. ‘सर, आता मी कोणाला विचारू?’ असे तिने मला विचारले. त्या तीन शब्दांच्या जागी तिने तीन आडव्या रेघा ओढल्या आहेत. यंत्राला तेच मुद्रण दिले, तर त्याने त्या तिन्ही जागी सफाईदार हिंदी शब्द घातले. माझ्या लेखी त्या पानावर त्या तीन रेघा हेच सर्वांत प्रामाणिक लेखन आहे.

तेव्हा माझा अभिप्राय. ग्राफिक्स कार्ड बदलू नये. सध्याचे कार्ड १७० वॉटचे आहे, नवे ५७५ वॉटचे. शहाद्याच्या मे महिन्यात, खोलीत एक पंखा असताना, ते कोणत्या इन्व्हर्टरवर चालवायचे, हाही प्रश्न आहेच. निधी उपकरणांचाच असेल तर उपकरणेच घ्यावीत : चांगली ध्वनिमुद्रण यंत्रे, वाऱ्याचा आवाज गाळणारे मायक्रोफोन, आणि प्रत्येक मुद्रणाच्या तीन प्रती तीन ठिकाणी ठेवता येतील इतक्या हार्ड डिस्क. हे सारे डेड स्टॉक रजिस्टरात चढते. आणि लेखनाच्या मानधनासाठी स्वतंत्र शीर्ष मागावे. नाही म्हणतील, पुन्हा मागावे.

मराठीच्या प्राध्यापकांना शेवटी एक विचारायचे आहे. बाजूच्या विभागात नवे यंत्र आले की आपल्याला कमीपणा वाटतो, आणि तो झाकण्यासाठी आपणही एक खोके मागतो. त्या खोक्याने आपली प्रतिष्ठा वाढेल, असे आपल्याला मनापासून वाटते काय? ऐकणे आणि जसे ऐकले तसे लिहिणे, ही आपली विद्या. तिची गरज यंत्राच्या जगात घटलेली नाही, उलट वाढली आहे, आणि नेमक्या त्याच वेळी आपण ती सोडून खरेदीला निघालो आहोत.

ता. क. : हा लेख लिहून झाल्यावर समितीची सभा झाली. निर्णय पुढे ढकलला आहे, कारण आणखी नवे कार्ड लवकरच येणार आहे असे कोणी तरी म्हणाले.